डावा पाय, उजवा पाय : फुटबॉलच्या इतिहासात सापडलेले एक उत्तर

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरकडच्या एका गावातून एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन महाडला माझ्या दवाखान्यात आले. मुलगा लंगडत होता. शाळेच्या मैदानात चिखल, चेंडू पाण्याने जड झालेला, आणि याने डाव्या पायाने पूर्ण जोर लावून किक मारली. त्याच क्षणी जांघेच्या वर, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी 'कट्' असे काहीतरी झाले आणि तो खाली बसला.

एक्स-रे काढला. मांडीच्या पुढच्या बाजूचा एक मोठा स्नायू कमरेच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथला हाडाचा छोटा तुकडा ओढला गेला होता. या वयात हाडाची टोके अजून कोवळी असतात, स्नायू मात्र झपाट्याने बळकट होत असतात. त्यामुळे मोठ्या माणसाचा स्नायू फाटतो, तिथे वाढत्या मुलाच्या हाडाचा तुकडाच सुटून येतो. तुकडा फार सरकलेला नसेल तर शस्त्रक्रिया लागत नाही. काही आठवडे विश्रांती, सुरुवातीला कुबड्या, मग हळूहळू व्यायाम. हे सगळे मी समजावून सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग खरा प्रश्न काढला.

"डॉक्टर, हा डावखुरा हाय. त्याच्यामुळं तर नाय ना झालं?"

पाठोपाठ दुसरा प्रश्न. खेळ शिकवणारे सर म्हणतात, उजव्या पायाने मारायची सवय कर, नाहीतर संघात जागा नाही. आजी म्हणते, लहानपणीच हात बांधला असता तर ही वेळ आली नसती. आता बरा होईपर्यंत पाय बदलून घ्यावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : नाही. उजव्या पायाच्या मुलाला हीच दुखापत उजव्या बाजूला झाली असती. किक मारणाऱ्या पायाच्या मांडीचा पुढचा स्नायू आणि जांघेतले स्नायू जास्त ताणले जातात, हे व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या दुखापतींच्या नोंदींतही दिसते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दवाखान्यात पाच मिनिटांत उत्तर देणे शक्य नव्हते. म्हणून हा लेख.

आधी थोडे शरीराविषयी. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल चालवतो आणि उजवा भाग डाव्या बाजूची. मेंदूकडून निघालेले बहुतेक मज्जातंतू मानेच्या वर एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. कोणता हात, कोणता पाय पुढे येणार याचा कल बाळ पोटात असतानाच दिसू लागतो. सोनोग्राफीत बाळ कोणता अंगठा चोखते ते पाहून संशोधकांनी हे नोंदवले आहे. जगात साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो. डाव्या पायाने चेंडू मारणारे त्याहून किंचित जास्त. हात आणि पाय नेहमी एकाच बाजूचे असतात असेही नाही. उजव्या हाताने लिहिणारे जवळजवळ सगळे उजव्याच पायाचे असतात, पण डावखुऱ्यांमध्ये बरेच जण चेंडू उजव्या पायाने मारतात. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने. निसर्गाने अशा बाबतीत रकाने नीट आखलेले नाहीत.

आपल्या भाषेत हाताच्या सवयीला 'डावखुरा' म्हणतात आणि त्या शब्दात मला तरी 'खूर' ऐकू येतो. पण पायाचा विचार करतो कोण? जेवायला कोणता हात, आरती घ्यायला कोणता हात, पाटीवर कोणता हात, यावर घरात आणि शाळेत बारीक लक्ष असते. उंबरठा ओलांडताना उजवा पाय पुढे टाकायला सांगतात, माप ओलांडणाऱ्या नवरीकडे तर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. पण चेंडू कोणत्या पायाने मारतोस म्हणून कुणी मुलाला फटका देत नाही. म्हणूनच मेंदूच्या डाव्या-उजव्याचा अभ्यास करणाऱ्यांना हातापेक्षा पाय जास्त विश्वासू साक्षीदार वाटतो. हातावर समाजाचे शिक्षण झालेले असते, पायावर सहसा नाही.

हे मला अनुभवाने माहीत आहे. मी स्वतः डावखुरा जन्मलो. दुसरीत असताना आमच्या गुरुजींनी लाकडी पट्टीने माझा हात 'सुधारला'. आज मी प्रिस्क्रिप्शन उजव्या हाताने लिहितो, आणि डॉक्टरांच्या अक्षराला लोक हसतात तेव्हा माझ्याकडे एक जादा सबब असते. पाय मात्र तसाच राहिला. अंगणात चेंडू आला की अजून डावाच पाय पुढे जातो.

आता फुटबॉल. महाड-पोलादपूर हा काही फुटबॉलचा मुलूख नाही. आपल्याकडे गावोगाव कबड्डी. कोल्हापुरात जशी तालमींची फुटबॉल मंडळे आहेत, पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते, तसे आपल्याकडे नाही. पण डाव्या-उजव्याचा हिशेब कबड्डी पाहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. डावा कोपरारक्षक आणि उजवा कोपरारक्षक या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि एका कोपऱ्यात मुरलेला गडी दुसऱ्या कोपऱ्यात उभा केला की बावचळतो. शेतकऱ्यांना तर त्याहून जुने उदाहरण माहीत आहे. नांगराच्या जोडीतला बैल एका बाजूला शिकलेला असतो. उजवीकडचा डावीकडे जुंपून बघा, तास वाकडे जाते.

फुटबॉलमध्ये हे कसे घडते ते डोळ्यांसमोर आणा. एक खेळाडू मैदानाच्या डाव्या कडेने, रेषेला धरून चेंडू घेऊन पळतो आहे. समोरच्या संघाचा बचावपटू त्याच्या उजव्या अंगाला आहे. खेळाडू डाव्या पायाचा असेल तर चेंडू रेषेकडच्या पायाशी राहतो आणि चेंडू व बचावपटू यांच्यामध्ये त्याचे स्वतःचे शरीर येते. वेग न मोडता तो डाव्या पायाने चेंडू गोलसमोर टाकू शकतो. तोच खेळाडू उजव्या पायाचा असेल तर त्याला थांबून, वळून चेंडू आतल्या बाजूला घ्यावा लागतो. त्या एका क्षणात बचावपटू समोर येऊन उभा राहतो. पण आत वळल्यावर गोल त्याच्या उजव्या पायासमोर उघडतो, हेही खरे. म्हणजे पाय बदलला की खेळाडूची वाटच बदलते. कोणती वाट चांगली, याचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी हा खेळ भारतात रुजवला तेव्हा मांडणी ठरलेली होती : मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. पुढच्या पाचांत दोन टोकांचे दोघे रेषेवरून पळायचे आणि चेंडू आत टाकायचे. जागांची नावेच 'आउटसाइड लेफ्ट' आणि 'आउटसाइड राइट' अशी. डाव्या टोकाला डाव्या पायाचा माणूस हवा, यात कुणाला शंका नव्हती. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघाचा कर्णधार शिवदास भादुरी याच डाव्या टोकाला खेळायचा. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते, बूट फक्त एकाच्या पायात.

मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, पण हरले. करंडक जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे १९३७ सालचा बंगळूर मुस्लिम्स. माझ्याकडे पूर्वी पोलादपूर तालुक्यातले एक आजोबा दम्यासाठी यायचे. तरुणपणी ते लालबागच्या गिरणीत होते. पाळी सुटली की दोस्तांबरोबर कूपरेजला रोव्हर्सचे सामने बघायला जात. रोव्हर्स कपचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते त्यांच्याकडून, छातीला स्टेथोस्कोप लावलेला असताना. बोलू नका म्हटले तरी ऐकायचे नाहीत.

या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे एकाच संघाने रोव्हर्स कप जिंकला : हैदराबाद सिटी पोलीस. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर, म्हणून सगळे त्यांना 'रहीम साहेब' म्हणत. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात आपला मराठवाडाही होता, त्यामुळे त्यांना अगदी परके मानायचे कारण नाही. पोलादपूरच्या त्या वडिलांच्या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर या मास्तरांकडे आहे.

रहीम साहेबांनी हैदराबादेत दोन प्रकारच्या आगळ्या स्पर्धा भरवल्या. एकीत चेंडू पायाशी घोळवत नेण्यास, म्हणजे ड्रिबलिंगला बंदी. आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरीत खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच खेळायचे. उजव्या पायाचा असेल त्याने डाव्याने, डाव्याचा असेल त्याने उजव्याने.

यातली मेख लक्षात घ्या. त्यांनी डाव्या पायाच्या मुलाला 'उजवा हो' म्हणून सांगितले नाही. दोघांनाही आपापला दुबळा पाय वापरायला लावला. उजव्या पायाचा खेळाडूही तितकाच अपुरा आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आमच्या गुरुजींना हे सुचले असते तर वर्गातल्या सगळ्यांनाच आठवड्यातून एक तास डाव्या हाताने लिहायला लागले असते आणि माझी फार करमणूक झाली असती.

रहीम साहेब भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुतले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तर सुवर्णपदक मिळाले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २-१. त्या स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला रहीम साहेबांनी बचावातून काढून पुढे खेळवले आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्यानेच केला. ठरलेली जागा सोडूनही माणूस खेळू शकतो, हा त्यांचा विश्वास पायांपुरता नव्हता. त्या वेळी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये ते गेले.

मग कमकुवत पाय तयार केला की दोन्ही पाय सारखे होतात का? इथे थोडे थांबायला हवे, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हंगेरीचा फेरेंक पुश्काश जवळजवळ सगळे डाव्या पायानेच करायचा. १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवताना त्याने डाव्या पायाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला, समोरचा बचावपटू घसरत निघून गेला आणि पुश्काशने त्याच डाव्या पायाने गोल केला. माराडोना डाव्याचा, मेस्सी डाव्याचा. ब्राझीलच्या गारिंचाचे पाय वाकडे होते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा काही सेंटीमीटर आखूड. तो १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत उजव्या कडेने खेळला. त्याचे पाय 'सरळ' करण्याच्या भानगडीत ब्राझील पडले नाही.

१९९८ च्या फ्रान्स विश्वचषकाची चित्रफीत पाहून संशोधकांनी २३६ खेळाडूंच्या पायांचा हिशेब मांडला. सुमारे ७९ टक्के खेळाडू उजव्या पायाचे निघाले. जगातले हे निवडक खेळाडूसुद्धा बहुतेक वेळा आपल्या आवडत्या पायानेच चेंडूला हात घालत होते (हात! पण मराठीत असेच म्हणतात). गंमत पुढे आहे. दुसरा पाय ते क्वचित वापरत, पण वापरला तेव्हा त्याने फारसा दगा दिला नाही. दुबळा वाटणारा पाय बऱ्याचदा दुबळ्यापेक्षा भिडस्त असतो, असा मी याचा अर्थ घेतो. युरोपातल्या व्यावसायिक खेळाडूंच्या पगारांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, त्यात दोन्ही पायांनी खेळणाऱ्यांना जास्त पैसे मिळतात असे दिसले. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा आंद्रेयास ब्रेमे हा डाव्या बाजूचा बचावपटू पेनल्टी घ्यायला आला आणि त्याने ती उजव्या पायाने मारली. एवढ्याच गोलवर विश्वचषक गेला.

संघाच्या तोलाचे म्हणाल तर साधे गणित आहे. पाचांत एक डाव्या पायाचा धरला तर अकरांत दोन. डाव्या बाजूच्या जागा त्याहून जास्त. म्हणून डाव्या पायाच्या पोराला प्रशिक्षक शोधत फिरतात, निदान शोधायला हवेत. ते न मिळाल्यास उजव्या पायाचा चांगला खेळाडू डावीकडे लावतात. इटलीचा पाओलो माल्दिनी उजव्या पायाचा असून डाव्या बाजूला खेळून जगातला उत्तम बचावपटू ठरला. २००६ च्या विश्वचषकाचा पहिला गोल जर्मनीच्या फिलिप लामचा : डावीकडून आत वळून उजव्या पायाने. पुढे तर रीतच उलटली. बायर्न म्युनिकने डाव्या पायाचा रॉबेन उजवीकडे आणि उजव्या पायाचा रिबेरी डावीकडे खेळवला. मेस्सीही बार्सिलोनात उजव्या कडेने आत येऊ लागला. जुन्या काळच्या मास्तरने ही मांडणी पाहिली असती तर बैल उलटे जुंपले म्हणून कपाळाला हात लावला असता. माझे मत विचाराल तर संघात दोन्ही प्रकारचे पाय असणे महत्त्वाचे. कुणाला कुठे उभे करायचे, हा पुढचा आणि कमी महत्त्वाचा प्रश्न.

आता पालकांसाठी काही कामाच्या गोष्टी.

मुलाचा पाय कोणता, हे फक्त किकवरून ठरवू नका. जमिनीवरचा खडा पायाच्या बोटांनी उचलायला सांगा, उंच पायरीवर चढताना कोणता पाय आधी टाकतो ते पाहा. किक मारताना दुसरा पाय सगळे वजन पेलत असतो, त्यामुळे 'मारणारा' पाय आणि 'पेलणारा' पाय असे दोन वेगळे गुण आहेत. व्यायाम दोन्ही पायांना सारखा हवा. कमकुवत पायाचा सराव जवळच्या अंतरावरून, हलक्या पासने सुरू करावा. भिजलेल्या जड चेंडूवर, अंग गरम न करता, पहिल्याच दिवशी लांब किक मारू नये. वाढत्या वयात गुडघ्याखाली किंवा जांघेत दुखणे आठवड्याभरात थांबले नाही तर तेल चोळत बसू नका, दाखवून घ्या.

डावखुरेपण हा आजार नाही. मात्र दोन प्रसंगी बाजूकडे जरूर लक्ष द्या. वर्षाच्या आतले बाळ सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ मिटलेली ठेवत असेल, तर 'आत्तापासूनच उजवा आहे' म्हणून कौतुक करू नका. त्या वयात दोन्ही हात सारखे चालायला हवेत. दुसऱ्या बाजूला अशक्तपणा असू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि घरातल्या मोठ्या माणसाचा एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अर्धा तासही वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांच्या पायातून चप्पल नकळत निसटत असेल, तर पायाच्या नसा तपासून घ्या.

तो मुलगा साडेतीन महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी न लंगडता. हाड नीट जुळले होते. मधल्या काळात मी वडिलांना रहीम साहेबांची गोष्ट फोनवर सांगितली होती, आणि त्यांनी ती शाळेतल्या सरांना. सरांनी काय केले ते मुलानेच सांगितले. दर शनिवारी अर्धा तास सगळ्या मुलांनी उलट्या पायाने खेळायचे. पहिल्या शनिवारी सगळ्यांत जास्त वेळा कोण पडले, असे मी विचारले.

"सर," तो म्हणाला.